श्वानपिल्लांतील जन्मजात व्यंगे : संज्ञा आणि कारणे

‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द मराठी लेखनात व संभाषणात पुष्कळदा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः त्यांचा अर्थ भिन्न आहे. पहिला शब्द काळ सांगतो, दुसरा कारण सांगतो. जन्माच्या वेळी जे शरीरात असते ते जन्मजात. आईबापांच्या बीजातून जे संततीकडे येते ते आनुवंशिक. पुष्कळ जन्मजात व्यंगे आनुवंशिक नसतात आणि पुष्कळ आनुवंशिक दोष जन्माच्या वेळी दिसत नाहीत. हा भेद केवळ शब्दशास्त्राचा असता तर त्याची चर्चा कोशकारांपुरती ठेवता आली असती. परंतु ज्या घरी कुत्री व्याली आहे आणि वेतातील एक पिल्लू अधू निपजले आहे, त्या घरी ह्या दोन शब्दांच्या गोंधळातून प्रत्यक्ष निर्णय घेतले जातात. वाचू शकणारे पिल्लू टाकून दिले जाते, निर्दोष कुत्रीला दोष दिला जातो, किंवा याच्या उलट, ज्या जोडीपासून पुन्हा संतती घेऊ नये तिचीच पुन्हा जोड लावली जाते.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न दोन प्रकारच्या कुत्र्यांच्या संदर्भात उभा राहतो. १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्याच्या कोळीवाड्यांत, मासळी वाळविण्याच्या खळ्यांभोवती आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. त्यांची जोड कोणी ठरवीत नाही. दुसरीकडे मांडव्यापासून अलिबाग, नागाव, रेवदंड्यापर्यंत मुंबईकरांच्या बंगल्यांतून पग, लॅब्राडोर, डाल्मेशियन अशी ‘जातिवंत’ कुत्री आली असून त्यांची जोड माणसे ठरवितात. एकाच किनाऱ्यावर प्रजननाच्या ह्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे व्यंगाच्या कारणांचा विचार तेथे अधिक स्पष्टपणे करता येतो.

१. शब्दांचा प्रश्न

‘व्यंग’ हा शब्द ‘वि’ आणि ‘अंग’ यांपासून झाला असून अंग उणे असणे हा त्याचा मूळ भाव आहे. परंतु जन्मजात भेद हा नेहमी उणेपणाचाच असतो असे नाही. संस्कृत परंपरेत ‘हीनांग’ आणि ‘अधिकांग’ असा भेद केलेला आढळतो आणि तो येथे उपयुक्त आहे. कुत्र्याच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच व मागच्या प्रत्येक पायाला चार, अशी एकंदर अठरा नखे सामान्यतः असतात. काही पिल्लांना मागच्या पायांवरही आतल्या बाजूस एकेक जादा बोट असते आणि नखांची संख्या वीस होते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे अधिकांगत्व होय. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वीस नखांचा कुत्रा राखणीला व शिकारीला चांगला अशी समजूत आढळते आणि असे पिल्लू आवर्जून मागून नेले जाते. याच्या उलट फाटक्या ओठाचे पिल्लू कोणी नेत नाही. दोन्ही भेद जन्मजातच. पण एकाला ‘लक्षण’ म्हणतात, दुसऱ्याला ‘व्यंग’. म्हणजे ‘व्यंग’ ह्या शब्दात शरीराच्या वर्णनाबरोबर समाजाचे मूल्यमापनही मिसळलेले असते.

हेच अधिक मोठ्या प्रमाणावर जातिवंत कुत्र्यांत दिसते. डाक्सहुंड जातीचे आखूड पाय हे वस्तुतः हाडांच्या वाढीतील बिघाडाचे फळ आहे. एका जनुकाची जादा प्रत गुणसूत्रात अन्यत्र जाऊन बसल्यामुळे ते घडते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. तेच आखूड पाय गावठी कुत्रीच्या पिल्लात दिसले तर त्यास व्यंग म्हटले जाईल. डाक्सहुंडमध्ये ते जातीचे लक्षण ठरते. ‘जातिवंत’ ह्या विशेषणात निर्दोषत्वाची जी ध्वनी-छटा आहे ती म्हणूनच दिशाभूल करणारी आहे.

शब्दांच्या संदिग्धतेचे सर्वांत व्यवहारी उदाहरण मात्र ‘टाळू’ हे आहे. मराठीत टाळू म्हणजे तोंडाचे छत. ‘तालव्य वर्ण’ ह्या व्याकरणातील संज्ञेचा आधार तोच. परंतु तान्ह्या मुलाची ‘टाळू भरणे’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा टाळू म्हणजे डोक्याचा माथा, जेथे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात तो मऊ भाग. नवजात पिल्लांत ह्या दोन्ही ठिकाणी व्यंग संभवते. तोंडाचे छत दुभंगलेले असू शकते आणि माथ्यावरील फटही उघडी राहू शकते. पिल्लाची ‘टाळू उघडी आहे’ असे मालकाने दूरध्वनीवरून सांगितले तर त्याचे दोन सर्वस्वी भिन्न अर्थ होतात. पहिल्या अर्थाने ते पिल्लू आईचे दूध ओढू शकत नाही व काही तासांत त्याच्या पोषणाची वेगळी व्यवस्था करावी लागते. दुसऱ्या अर्थाने ते व्यवस्थित दूध पीत असू शकते आणि केवळ लक्ष ठेवणे पुरेसे असते. ‘तोंडाची टाळू’ आणि ‘माथ्याची टाळू’ असे दोन शब्द अधिक वापरल्याने हा घोटाळा टळतो.

२. गर्भावस्थेचा कालक्रम

कुत्रीची गर्भावस्था सुमारे ६३ दिवसांची असते. तिचे स्थूलमानाने तीन भाग पाडता येतात. पहिल्या अडीच-तीन आठवड्यांत फलित बीज गर्भाशयात मोकळे असते व नंतर रुजते. ह्या काळात मोठा आघात झाला तर गर्भ बहुधा नष्टच होतो. व्यंग घेऊन तो जगण्याचा संभव कमी. त्यानंतर पाचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत अवयव घडतात. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, डोळे, ओठ व टाळू यांची जडणघडण ह्याच दोन-अडीच आठवड्यांत होते आणि रचनेची बहुतेक मोठी व्यंगे ह्याच काळातील असतात. उरलेल्या चार आठवड्यांत घडलेले अवयव वाढतात व पक्व होतात. ह्या वेळच्या आघातामुळे पिल्लू लहान, अशक्त किंवा मृत निपजेल. पण एकदा सांधलेली टाळू पुन्हा दुभंगणार नाही.

तोंडाच्या छताची घडण येथे थोडी विस्ताराने पाहणे योग्य होईल. आरंभी उजव्या व डाव्या बाजूंनी दोन पडदे जिभेच्या दोहों अंगांना खाली लोंबत असतात. वाढता वाढता जीभ खाली सरते, ते पडदे आडवे होतात, मध्यरेषेवर एकमेकांना भिडतात आणि जुळून एक होतात. ह्या क्रमात कोणतीही एक पायरी चुकली तर छत दुभंगलेले राहते. पडदे वाढण्यात कमी पडतील, जीभ वेळेवर खाली सरणार नाही, किंवा भिडूनही कडा सांधणार नाहीत. परिणाम एकच दिसतो, परंतु त्याच्या मुळाशी निरनिराळी कारणे असू शकतात. म्हणूनच व्यंगाच्या रूपावरून त्याचे कारण सांगता येत नाही.

३. कारणांचे तीन वर्ग

पहिला वर्ग निखळ आनुवंशिक कारणांचा. नोव्हा स्कोशिया डक टोलिंग रिट्रीव्हर ह्या जातीत दुभंगलेल्या टाळूचा एक प्रकार एका विशिष्ट जनुकातील बदलामुळे होतो, असे २०१४ साली दाखविण्यात आले. हा दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे. दोषयुक्त जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा निरोगी दिसतो, पण तो वाहक असतो. दोन वाहकांची जोड लागली तर प्रत्येक पिल्लू सदोष निपजण्याचा संभव एक-चतुर्थांश असतो.

ह्या गणिताचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. चार पिल्लांच्या वेतात एक सदोष निघेलच असे नाही. दोन्ही वाहक असूनही चार पिल्लांचे वेत पूर्णपणे निरोगी निघण्याचा संभव सुमारे ३२ टक्के असतो. आठ पिल्लांच्या वेतातही तो १० टक्के उरतो. अर्थात एका निरोगी वेतावरून आईबाप निर्दोष ठरत नाहीत. शिवाय अशा जोडीच्या निरोगी दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरी दोन-तृतीयांश वाहक असतात. जवळच्या नात्यातील जोड लावली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. नावाजलेल्या एकाच नराकडून पिढ्यान्‌पिढ्या संतती घेण्यातील धोका हाच होय. गावठी कुत्र्यांत जोड मुक्तपणे लागत असल्यामुळे आनुवंशिक वैविध्य अधिक टिकते. मात्र लहान, एकाकी वस्तीत तेथेही नात्यातील संकर होऊ शकतो.

दुसरा वर्ग बाह्य कारणांचा. अवयव घडण्याच्या काळात कुत्रीला दिलेली काही औषधे गर्भास घातक ठरतात. कॉर्टिकोस्टिरॉइड वर्गातील औषधे, बुरशीवरील ग्रिसिओफल्व्हिन आणि जंतांवरील अल्बेंडाझोल ही त्यांपैकी काही. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक हेही असेच एक कारण आहे. किनारपट्टीच्या दृष्टीने त्याची विशेष नोंद घ्यावयास हवी, कारण मुशीसारख्या माशांच्या यकृतात व त्याच्या तेलात हे जीवनसत्त्व विपुल असते. गाभण कुत्रीला ‘ताकद यावी’ म्हणून असे तेल वा यकृत सढळ हाताने देणे हितावह नाही. जे अल्प प्रमाणात पोषक तेच अति प्रमाणात विकृतिजनक ठरते. उलटपक्षी फॉलिक आम्लाच्या पुरवठ्यामुळे बोस्टन टेरियरसारख्या आखूड तोंडाच्या जातींत दुभंगलेल्या टाळूचे प्रमाण घटल्याचे अनुभवास आले आहे.

तिसरा वर्ग ह्या दोहोंच्या संयोगाचा, आणि बहुधा सर्वांत मोठा. पिल्लाच्या बीजात प्रवणता असते आणि बाह्य कारणाने ती सीमा ओलांडली जाते. हृदयाजवळची जी नलिका गर्भावस्थेत फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडते ती जन्मानंतर मिटावयास हवी. काही पिल्लांत ती उघडीच राहते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डोनाल्ड पॅटर्सन यांनी पूडल जातीच्या कुत्र्यांवर केलेल्या प्रजननविषयक अभ्यासातून हा दोष वंशपरंपरेने येतो, परंतु एकाच जनुकाच्या साध्या नियमाने येत नाही, असे दिसून आले. अशा दोषांत ‘आईकडून की बापाकडून’ हा प्रश्नच अपुरा ठरतो.

जन्मानंतर बाहेरून लागलेल्या बदलांचा समावेश मात्र ह्या कोणत्याही वर्गात होत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात निळ्या अंगाचे भटके कुत्रे दिसून आले व त्याची वार्ता देशाबाहेरही पोहोचली. तो रंग कारखान्यातील रंगद्रव्याचा होता. तो केसांवर बसला होता, बीजात शिरला नव्हता. निळ्या कुत्र्याचे पिल्लू निळे निपजत नाही. अर्जित भेद वारशाने जात नाही, हे शिकविण्यास याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण. परंतु म्हणून दूषित पाणी वा अन्न गाभण कुत्रीस निरुपद्रवी असते असेही त्यावरून सिद्ध होत नाही. केसावरचा रंग आणि गर्भावरील परिणाम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

४. ग्रहणाचा समज

कोकणातच नव्हे तर महाराष्ट्रात सर्वत्र असा समज आहे की गरोदर स्त्रीने ग्रहणात काही चिरले वा कापले तर मुलाचा ओठ किंवा कान फाटतो. ह्या समजाची रचना भाषेच्या अंगाने लक्षणीय आहे. त्यात कापणे ही क्रिया आणि कापलेला दिसणारा ओठ यांचा संबंध केवळ सादृश्याने जोडलेला आहे. जणू आईच्या हातातील विळीची खूण गर्भावर उमटते. परंतु वर वर्णन केलेल्या क्रमावरून स्पष्ट होईल की दुभंगलेला ओठ हा कापला गेलेला ओठ नव्हे. तो कधी जुळलाच नाही असा ओठ होय. भाषेने ‘फाटणे’ हे क्रियापद वापरले आणि त्या क्रियापदाने मनात कापणारा हात उभा केला.

ह्या समजाचे उत्तर कुत्रीच्या पिल्लांत मिळते. कुत्री विळीवर बसत नाही, सुरी हाती धरीत नाही, ग्रहण पाळीत नाही आणि मोडीतही नाही. तरीही तिच्या पिल्लांत माणसाच्या मुलांत दिसणारा तोच दुभंगलेला ओठ आणि तीच दुभंगलेली टाळू आढळते. जेथे मानलेले कारण असूच शकत नाही तेथेही कार्य घडत असेल तर ते कारण नव्हे, हा तर्कशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. फाटक्या ओठाच्या मुलाच्या आईला घरोघर जो दोष दिला जातो त्याचा निरास ह्या एका निरीक्षणाने होण्यासारखा आहे. पिल्लांतील व्यंगांचा अभ्यास माणसांच्या दृष्टीने मोलाचा आहे तो ह्याही कारणाने.

५. व्यंग आणि व्यंगाभास

नवजात पिल्लाची तपासणी करताना स्वाभाविक अवस्था व व्यंग यांत गल्लत होऊ नये. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि कानाची छिद्रे साधारण दोन आठवड्यांनंतर मोकळी होतात. तोपर्यंत त्यास आंधळे किंवा बहिरे म्हणणे निरर्थक आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडून अंग गरम ठेवता येत नाही. गारठलेले पिल्लू निश्चल पडते, दूध ओढत नाही आणि ‘जन्मतःच अधू’ समजले जाते. त्यास हळूहळू ऊब दिली की पुष्कळदा ते सावरते. गार असतानाच दूध पाजणे मात्र धोक्याचे, कारण थंड शरीरात ते पचत नाही.

काही पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेले राहतात व तिसऱ्या आठवड्यातही ती उभी न राहता जमिनीवर पोहल्यासारखी सरकतात. गुळगुळीत फरशीवर ही अवस्था बळावते. पायाखाली गोणपाटासारखे खरखरीत अंथरूण घालणे व पाय योग्य अंतरावर सैलसर बांधणे एवढ्या उपायाने त्यांपैकी बरीच चालू लागतात. बेंबीजवळ येणारी मऊ गाठ कुत्रीने नाळ ओढल्यामुळे झाली असे सर्रास म्हटले जाते. परंतु पोटाच्या भिंतीतील फट मिटण्याची प्रवणता बव्हंशी वंशागत असते. गाठ लहान असेल तर ती बहुधा आपोआप मिटते.

याच्या उलट काही गंभीर व्यंगे पहिल्या दिवशी नजरेस येत नाहीत. गुदद्वार बंद असलेले पिल्लू प्रथम उत्तम दूध पिते आणि दोन-तीन दिवसांत त्याचे पोट फुगते. दुभंगलेल्या टाळूच्या पिल्लाचा ओठ पुष्कळदा अखंड असतो, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. दूध नाकावाटे येऊ लागते व श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांचा दाह होतो. म्हणून जन्मानंतर लगेच प्रत्येक पिल्लाचे तोंड उघडून छत पाहणे व शेपटीखाली गुदद्वार आहे याची खात्री करणे ही दोन कामे आवश्यक ठरतात. टाळू दुभंगलेल्या पिल्लाला नळीने थेट जठरात दूध देऊन काही महिने वाढविता येते व पुढे शस्त्रक्रियेने फट बंद करता येते. हे काम चिकाटीचे असते. फट मोठी असेल आणि पिल्लाचे हाल थांबविता येणार नसतील तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मृत्यू देणे हाही दयेचाच मार्ग आहे. किनाऱ्यावर सोडून देणे हा दोन्हींपैकी कोणताच मार्ग नव्हे.

माणसाच्या निवडीमुळे ओढवणाऱ्या व्यंगाचे स्वच्छ उदाहरण ‘मर्ल’ ह्या संगमरवरी रंगाचे आहे. ह्या रंगाच्या जनुकाची एक प्रत आकर्षक ठिपक्यांची कातडी देते. अशा दोन कुत्र्यांची जोड लावल्यास सरासरी चौथ्या हिश्शाच्या पिल्लांना दोन प्रती मिळतात. ती बहुतांशी पांढरी निपजतात आणि त्यांत बहिरेपणा व डोळ्यांची अपुरी वाढ यांचा धोका पुष्कळच अधिक असतो. ज्या रंगासाठी जोड लावली त्याच रंगाने पिल्लाचे कान व डोळे हिरावले, असा हा प्रकार आहे.

६. नोंदीची पद्धत

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की एका वेतातील एका सदोष पिल्लावरून कारण ठरविता येत नाही. ते नोंदींच्या आधारेच ठरते. पुढील गोष्टी टिपून ठेवल्या तर पशुवैद्यास निदान करणे सुकर होते : जोड लागल्याची तारीख, नर कोण व त्याचे कुत्रीशी नाते काय, एकंदर पिल्ले किती, मृत किती, सदोष किती, त्याच नराची व त्याच कुत्रीची इतर वेते कशी होती, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यांत कोणती औषधे, तेले वा पूरक आहार दिला, कुत्रीला ताप आला होता काय. निराळ्या नरांपासूनच्या वेतांतही तेच व्यंग दिसले तर कुत्रीकडे किंवा तिच्या परिस्थितीकडे लक्ष जाते. एकाच आवारात नात्याने असंबद्ध अशा दोन कुत्र्यांच्या वेतांत ते एकाच वेळी दिसले तर आहार, औषध वा रोग यांचा शोध घ्यावा लागतो. त्याच जोडीच्या लागोपाठच्या वेतांत ते परत आले तर वारशाचा संशय बळावतो आणि ती जोड पुन्हा लावू नये.

कुत्र्यांचे प्रजनन व विक्री यांविषयी केंद्र शासनाने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार प्रजनन करणाऱ्यास नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांहून लहान पिल्लांची विक्री निषिद्ध आहे. ह्या मुदतीचा एक अप्रत्यक्ष लाभ असा की बहिरेपणा, चालण्यातील दोष, हृदयातील कुरकुर यांसारखी जी व्यंगे पहिल्या दिवसांत लपून राहतात ती तोपर्यंत प्रकट होण्यास अवसर मिळतो. मात्र नियमांचा उपयोग नोंदीच्या अचूकतेवर अवलंबून आहे आणि नोंदीची अचूकता शब्दांच्या अचूकतेवर. नोंदवहीत ‘खानदानी दोष’ किंवा ‘अधू’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यातून पुढे काहीच निष्पन्न होत नाही. ‘जन्मजात, तोंडाची टाळू दुभंगलेली, ओठ अखंड, कारण अनिश्चित’ अशी एक ओळ लिहिली गेली तर ती पुढच्या वेताच्या वेळी उपयोगी पडते. कारण माहीत नसताना ते ‘अनिश्चित’ असे लिहिणे हाही अचूकतेचाच भाग आहे. कुत्रीवर, नरावर किंवा ग्रहणावर ढकललेले खोटे कारण पुढील शोधाची वाट बंद करते.